थर्मामीटर इंदुरात शंभरावर का जात नाही : फूड टेक्निशियन होऊ पाहणाऱ्यांसाठी

इंदुरात पाणी साधारण ९८.२ अंश सेल्सियसला उकळतं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब तेवढा कमी, म्हणून उकळी लवकर फुटते. चहाला याचा काही फरक पडत नाही. पण जॅमच्या कढईशी उभा असलेला नवखा मुलगा पुस्तकातल्या १०५ अंशांची वाट बघत बसला, तर जॅम जास्त आटतो, चिवट होतो आणि काही दिवसांनी बाटलीत साखरेचे कण दिसू लागतात. पुस्तकातला आकडा समुद्रकाठचा असतो. आपल्याकडे १०३ च्या आसपास गॅस बंद करायचा.

सराफ्यातला हलवाई दोन बोटांत तार धरून पाक ओळखतो, आणि बरोबर ओळखतो. टेक्निशियनने तोच पाक मोजायचा, वहीत लिहायचा आणि रात्रपाळीच्या माणसाकडून तसाच्या तसा करून घ्यायचा. हाताला चव असली तर उत्तमच, पण पगार मिळतो तो मोजण्याचा.

पहिली पायरी : कोर्सच्या आधी काम बघा

इंदूरच्या आसपास हे काम मुख्यतः सांवेर रोड, पालदा आणि पीथमपूर या पट्ट्यांत आहे. नमकीन, मसाले, डाळ, बिस्किटं-टोस्ट, गोळ्या-चॉकलेटं, सोयाबीन तेल. दुधात रस असेल तर सांचीचा प्रकल्प मांगलियाच्या बाजूला आहे. ओळखीच्या कोणाला धरून एकदा आत जाऊन या, शक्यतो मे महिन्यात. फ्रायरजवळ आठ तास उभं राहणं, मिरचीची धूळ, बेसनाची धूळ, दिवाळीच्या आधी लांबलेल्या पाळ्या हे सगळं माहितीपत्रकात नसतं. दमा असेल तर मसाल्याच्या विभागाचा विचार सोडा आणि दूध किंवा पेयांकडे बघा.

टेक्निशियनच्या पाळीत चार ठिकाणं येतात. गेटवर कच्चा माल तपासणं, लाइनवर तापमान आणि वजनं बघणं, लॅबमध्ये नमुने लावणं, आणि शेवटी माल सोडायचा की अडवायचा त्या कागदाची तयारी. नव्या माणसाला बहुतेक वेळा लाइनवर टाकतात. नाक मुरडू नका. लॅबमधला आकडा का बिघडला हे लाइनवर राबलेल्यालाच कळतं.

दुसरी पायरी : कोर्स निवडणं

दहावीनंतरची सरळ वाट आयटीआयची. फळं-भाजीपाला प्रक्रिया, दूध आणि दुग्धपदार्थ, बेकर अँड कन्फेक्शनर, अ‍ॅग्रो प्रोसेसिंग असे एकेका वर्षाचे ट्रेड आहेत. पास झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. प्रत्येक आयटीआयमध्ये प्रत्येक ट्रेड नसतो. त्यामुळे नंदानगरच्या शासकीय आयटीआयपासून चौकशी सुरू करा, पण प्रवेशाच्या पोर्टलवर शोध संस्थेच्या नावाने न घेता ट्रेडच्या नावाने घ्या. एक सावधगिरी : ‘फूड प्रॉडक्शन’ हा ट्रेड हॉटेलच्या स्वयंपाकघराचा आहे. नाव वाचून तिकडे गेलेली मुलं वर्षभर ग्रेव्ह्या शिकतात आणि मग कारखान्यात नोकरी शोधतात.

बारावी विज्ञान झाली असेल तर डिप्लोमा, बी.व्होक., बीएस्सी किंवा बी.टेक. असे मार्ग खुले होतात. रसायनशास्त्र कच्चं असेल तर या सगळ्यांत अडखळायला होतं, म्हणून सुट्टीत मोल आणि नॉर्मॅलिटी पुन्हा घोटून घ्या.

थोड्या मुदतीचे कोर्स फिक्सीच्या, म्हणजे अन्नप्रक्रिया क्षेत्राच्या कौशल्य परिषदेच्या, जॉब रोलवर चालतात. ‘ट्रॅडिशनल स्नॅक अँड सेव्हरी मेकर’, ‘जॅम, जेली अँड केचप प्रोसेसिंग टेक्निशियन’, ‘पिकल मेकिंग टेक्निशियन’, ‘बेकिंग टेक्निशियन’ अशी त्यांची नावं. घरचा लोणची-मसाल्यांचा धंदा सांभाळणाऱ्या काकू-मावश्यांना हे जास्त सोयीचे. नोकरी करत शिकायचं असेल तर इग्नूचा डेअरी टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा किंवा फळं-भाज्यांच्या मूल्यवर्धित पदार्थांचा डिप्लोमा आहे.

फूड सेफ्टी ऑफिसर आणि फूड अ‍ॅनालिस्ट ही कायद्यातली वेगळी पदं आहेत, त्यांना पदवी लागते. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं कार्यालय इंदुरातच असल्यामुळे ‘कोर्स करा, थेट इन्स्पेक्टर व्हा’ असं सांगणारे क्लासवालेही इथे भेटतात. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर ते होत नाही.

संस्था बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, मागच्या वर्षीच्या मुलाची प्रॅक्टिकलची वही मागा. वीस वह्यांमध्ये बिस्किटाचा ओलावा नेमका ३.०० टक्के लिहिलेला असेल, तर तिथे प्रयोग होत नाहीत, आकडे उतरवले जातात. खऱ्या वहीत एकाचा २.८ येतो, दुसऱ्याचा ३.३ आणि तिसऱ्याने तर वाटीच फोडलेली असते. मग विचारा : एका वेळी किती किलोचा घाणा मुलं स्वतः काढतात? ओव्हनला वीजजोडणी आहे का? अल्कोहोलची आणि आम्लांची खरेदी गेल्या महिन्यात झाली होती का? ‘भिया, मशीन तो आ रही है’ असं उत्तर मिळालं तर दुसरी संस्था शोधा.

भाषेचंही थोडं. आपल्या घरात मराठी, वर्गात हिंदी आणि यंत्रावर इंग्रजी अशी इंदुरात तिहेरी गंमत असते. मोहन म्हणजे मोयन, विरजण म्हणजे जामन, बुरशी म्हणजे फफूंद, ओलावा म्हणजे नमी. वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने करा आणि पहिल्या महिन्यात शंभर शब्द भरा. तोंडी परीक्षेत उत्तर येत असून शब्द न सापडल्यामुळे गुण जातात.

तिसरी पायरी : दोन-तीन हिशेब हातात बसवा

सर्वांत जास्त चुका पीपीएममध्ये होतात. १ पीपीएम म्हणजे १ किलोत १ मिलिग्रॅम, एवढंच धरून चाला. समजा १०० किलो सरबताच्या स्क्वॅशमध्ये ३५० पीपीएम सल्फर डायऑक्साइड हवा आहे. म्हणजे ३५ ग्रॅम वायू. तो पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमधून मिळतो, आणि कारखान्यात त्याच्या वजनाच्या निम्मा वायू धरायची पद्धत आहे. मग पावडर ७० ग्रॅम. दशांश चिन्ह एक घर सरकलं की ७०० ग्रॅम पडतात आणि सगळा घाणा घशात जाळ करणारा होतो. म्हणून असं वजन एकाने करायचं आणि दुसऱ्याने बघून सही करायची.

ही पावडर थोड्या पाण्यात विरघळवून, स्क्वॅश गार झाल्यावर घालायची. गरमात घातली तर वायू उडून जातो, वहीत ३५० राहतात आणि बाटलीत आंबण्याचे बुडबुडे येतात. जांभूळ, फालसा, कोकम यांच्या रसात ती वापरू नका, रंग फिका पडतो. तिथे सोडियम बेन्झोएट. तेही आंबट रसातच नीट काम करतं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितका आंबटपणा जास्त) ४.५ च्या वर गेला की त्याचा जोर ओसरतो.

दुसरा हिशेब पिअर्सनच्या चौकोनाचा, म्हणजे दोन माल मिसळून मधलं प्रमाण काढायचा. ६ टक्के फॅटचं म्हशीचं दूध आणि ०.५ टक्क्याचं स्किम दूध मिसळून ३ टक्क्यांचं टोन्ड दूध करायचं. ३ वजा ०.५ म्हणजे २.५ भाग म्हशीचं, ६ वजा ३ म्हणजे ३ भाग स्किम. ११० लिटर हवं तर ५० आणि ६० लिटर. उलटा ताळा करून बघा : ५० लिटरमधून ३०० एकक फॅट, ६० मधून ३०, एकूण ३३० भागिले ११०, बरोबर ३. हा ताळा कागदावर दिसला की मुलाखत घेणारा खुर्चीत जरा सरसावून बसतो.

तिसरा, क्लोरिनचा. १० लिटर पाण्यात १०० पीपीएम क्लोरिन म्हणजे १ ग्रॅम. सोडियम हायपोक्लोराइट ४ टक्क्यांचं असेल तर २५ मिलिलिटर. जुना कॅन उन्हात पडून असेल तर त्यात ४ टक्के उरलेले नसतात, म्हणून टेस्ट स्ट्रिपने बघूनच वापरा.

चौथी पायरी : चार उपकरणांशी दोस्ती

वजनकाटा, थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर आणि पीएच मीटर. महागडी यंत्रं नंतर येतील, आणि ती चालवायला कंपनी शिकवते. ही चार मात्र तुम्हाला येतातच असं धरून चालतात.

थर्मामीटर तपासायचा तो आधी बर्फावर. बर्फ बारीक कुटा, फटी भरतील इतकंच पाणी घाला, हलवा, टोक भांड्याला न टेकवता दोन-तीन मिनिटं थांबा. शून्य यायला हवं. नुसत्या पाण्यात बर्फाचे चार खडे टाकले तर ३-४ अंश दिसतात आणि चांगल्या थर्मामीटरवर विनाकारण संशय येतो. मग उकळतं पाणी. इथेच नव्या मुलांची दांडी उडते. ९८ दिसलं की ते यंत्र ‘दुरुस्त’ करून शंभरावर आणतात. त्या दिवसापासून ते थर्मामीटर गरम मालात जवळजवळ दोन अंश जास्त दाखवू लागतं. म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंद तापवायचं दूध प्रत्यक्षात ७० वर निघून जातं. कागद स्वच्छ, दूध कच्चं.

हाच दाबाचा घोळ ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात, होतो. पुस्तकात १५ पाउंड दाब आणि १२१ अंश असं लिहिलेलं असतं. इंदुरात मीटरवर १५ दिसले तरी आत तापमान एक अंशाने कमी असतं. साधारण १ पाउंड जास्त द्या, किंवा त्याहून बरं, तापमानाच्या काट्याकडे बघा. आणि झाकण बंद करताना आतली हवा पूर्ण बाहेर गेल्याशिवाय व्हॉल्व्ह लावू नका. हवा आणि वाफ मिसळली की दाब पुरा दिसतो, ताप पुरा नसतो.

रिफ्रॅक्टोमीटरवर साखरेचं प्रमाण ब्रिक्समध्ये वाचतात. डिस्टिल्ड पाण्याने शून्य लावा. कढईतून काढलेला थेंब थेट काचेवर टाकू नका. बशीत झाकून गार करा, मग टाका. उघडा ठेवला तर पाणी उडून ब्रिक्स वाढलेला दिसतो, गरम टाकला तर वाचन चुकतं. जॅमला किमान ६५ ब्रिक्स हवा. केचपमध्ये २५ टक्के घनपदार्थ मागतात ते मीठ वगळून. मिठामुळेही वाचन चढतं, तेवढं वजा केलं नाही तर पातळ केचप कागदावर दाट ठरतं.

पीएच मीटर ७ आणि ४ च्या बफरवर (पीएच ठरलेल्या द्रावणावर) लावायचा, रोज. त्याचा इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवण्याची वाईट खोड सगळीकडे दिसते. पाणी आतलं मीठ ओढून घेतं आणि महिन्याभरात काटा आळशी होतो. पोटॅशियम क्लोराइडच्या ३ मोलर द्रावणात ठेवा. दोन नमुन्यांच्या मध्ये धुवा, टिपा, पुसू नका.

वजनकाट्याबद्दल एवढंच की पंख्याखाली तो खोटं बोलतो.

पाचवी पायरी : एक शेव घ्या आणि सगळं शिका

शेवेच्या एका घाण्यात अन्नविज्ञानाचा निम्मा अभ्यासक्रम बसतो, म्हणून इंदुरात शिकणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

सुरुवात बेसनाच्या पोत्यापासून. अर्धा चमचा बेसनात ३ मिलिलिटर अल्कोहोल घालून हलवा, मग हायड्रोक्लोरिक आम्लाचे ५-१० थेंब. गुलाबी रंग आला तर मेटॅनिल यलो हा बंदी असलेला रंग आहे, पोतं गेटवरूनच परत. हळदीने पिवळं दिसणारं बेसन इथे फसवू शकत नाही असं मात्र समजू नका. हळदही आम्लात लालसर होते, पण पाणी ओतून पातळ केल्यावर तो रंग जातो. मेटॅनिलचा टिकतो.

पीठ मळताना मोहन जास्त झालं तर शेव साच्यातून पडताच तुटते, कमी झालं तर दाताला लागते. सोडा किंवा पापडखार वाढला की शेव लालसर होते, साबणासारखी चव येते आणि तेलही लवकर काळं पडतं. तेल १७० ते १८० अंशांवर ठेवायचं. मात्र खरी गोम घाण्याच्या वजनात आहे. कढईच्या ताकदीपेक्षा जास्त पीठ एकदम पडलं तर तेल १४० पर्यंत उतरतं, वाफ नीट सुटत नाही आणि शेव तेल पिते. कारागीर म्हणतो, ‘आज बेसन खराब आहे.’ तुम्ही थर्मामीटर लावून ठेवलेला असेल तर भांडण मिटतं.

आता तेल. कच्च्या पिठातलं पाणी तेलाचे रेणू फोडतं, मोकळी फॅटी आम्लं वाढतात. हवा आणि उष्णता मिळून त्यात ध्रुवीय संयुगं तयार करतात. ही संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ही संयुगं मोजायचा हातातला मीटर गरम तेलात बुडवून वाचायचा असतो, गार तेलात नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागत असेल तर तळणाच्या तेलाची नोंदवही ठेवावी लागते. बाद तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांकडे जायला हवं. ते रात्री ठेलेवाल्याला स्वस्तात विकलं जात असेल, तर तुमची नोंदवही त्याला साक्षीदार आहे हे लक्षात ठेवा.

लॅबमध्ये मोकळ्या फॅटी आम्लांची चाचणी अशी : १० ग्रॅम तेल, त्यात आधी उदासीन करून घेतलेलं गरम अल्कोहोल साधारण ५० मिलिलिटर, फिनॉल्फथॅलीनचे थेंब, आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमधून. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. समजा १.८ मिलिलिटर लागलं. २८.२ गुणिले १.८ गुणिले ०.१, भागिले १०, म्हणजे ०.५१ टक्के. आम्लांक मागितला तर साधारण याच्या दुप्पट. अल्कोहोल उदासीन केलं नसेल तर त्याचं स्वतःचं आम्ल तेलाच्या नावावर पडतं. सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली उघडी राहिली तर ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कमकुवत होतं, जास्त मिलिलिटर लागतात आणि चांगलं तेल बाद ठरतं. म्हणून त्याची ताकद ऑक्झॅलिक आम्लाने तपासून बाटलीवर तारखेसह लिहायची.

झाऱ्यांकडेही लक्ष द्या. पितळ आणि तांबं तेल खवट होण्याचा वेग वाढवतात. पिढीजात पितळी झारा देव्हाऱ्याशेजारी ठेवा, कढईत स्टीलचा.

ओलावा मोजायला कोरडी वाटी, समजा २५.४१२ ग्रॅम. शेवेची भुकटी घालून ३०.४१८. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर तीन-चार तास, मग डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद काचपात्रात) गार करून ३०.२६८. वजनातली घट ०.१५० भागिले नमुना ५.००६, गुणिले १००, म्हणजे ३.० टक्के. पुन्हा तासभर ओव्हनमध्ये ठेवून वजन तेच येतं का बघायचं. गरम वाटी काट्यावर ठेवली तर तिच्याभोवती वर चढणाऱ्या हवेने ती हलकी भासते आणि ओलावा फुगतो. डेसिकेटरमधली निळी सिलिका गुलाबी झालेली असेल तर ती ओलावा घेत नाही, आधी ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळी करा. जुलै-ऑगस्टमध्ये भुकटी उघड्यावर पाच मिनिटं राहिली तरी आकडा हलतो. जॅम किंवा चिक्कीसाठी १०५ चा ओव्हन चालत नाही, साखर जळून वजन घटतं. त्यांना ७० अंशांचा व्हॅक्युम ओव्हन.

पॅकिंगमध्ये घाई नडते. शेव गरम असताना पाकिटात गेली तर आतल्या वाफेचं पाणी होतं आणि माल मऊ पडतो. नायट्रोजन भरलेलं पाकीट बाहेरून फुगलेलं दिसतं, पण सीलमध्ये शेवेचा एक तुकडा अडकला तरी हवा आत शिरते. पाकीट पाण्याखाली दाबून बुडबुडे बघण्याची साधी चाचणी दर अर्ध्या तासाने करा. मेटल डिटेक्टरमधून लोखंड, इतर धातू आणि स्टील असे तिन्ही तुकडे ठरलेल्या वेळाने घालून बघायचे. दहा वाजता मशीनने तुकडा पकडला आणि अकराला सोडला, तर दहा ते अकरामधला सगळा माल बाजूला काढून पुन्हा तपासायचा. फक्त मशीन दुरुस्त करून पुढे जाणं ही चूक फार सर्रास होते.

सहावी पायरी : माळव्याचा बाकीचा माल

दुधातलं फॅट मोजण्याची गर्बर चाचणी प्रत्येक परीक्षेत येते. ब्युटायरोमीटरमध्ये, म्हणजे तिच्या खुणांच्या काचनळीत, आधी १० मिलिलिटर गर्बरचं सल्फ्युरिक आम्ल, मग १०.७५ मिलिलिटर दूध भिंतीवरून हळू, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच लावा, फडक्यात गुंडाळा, उलटंपालटं करा, सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ११०० फेऱ्यांनी ५ मिनिटं फिरवा, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचा. फॅटखाली काळे कण म्हणजे आम्ल फार तीव्र किंवा दूध घाईने ओतलं. पांढरे दहीसारखे कण म्हणजे आम्ल कमजोर. नळी हातात तापते, म्हणून फडकं विसरायचं नाही, आणि तोंड कोणाकडेही करायचं नाही.

मंदसौर-नीमचकडचा लसूण इथे भरपूर येतो, आणि ‘आलं-लसूण पेस्ट काढू’ ही पहिली कल्पना बहुतेकांना सुचते. सावध राहा. लसणाचा पीएच ६ च्या आसपास असतो. बंद बाटलीत, तेलाखाली, हवा नसताना बोट्युलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जंतू वाढायला हेच हवामान लागतं. वास, रंग काही बदलत नाही. सायट्रिक किंवा अ‍ॅसेटिक आम्लाने पेस्टचा पीएच ४.६ च्या खाली, सुरक्षिततेसाठी ४.२ पर्यंत, आणायलाच हवा, आणि तो वाटल्यावर लगेच नव्हे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा, कारण आम्ल तुकड्यांच्या आतवर पोचायला वेळ लागतो. आम्लामुळे पेस्ट कधीकधी हिरवी-निळी होते. ते बघून माल फेकू नका, तो लसणातल्या गंधकयुक्त संयुगांचा रंग आहे, निरुपद्रवी.

सोयाबीनसाठी खंडवा रोडवरची राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था (आधीची भारतीय सोयाबीन संशोधन संस्था) आपल्या गावातच आहे. सोयाबीनच्या दुधाला येणारा कच्चा वास दाणे गार पाण्यात वाटल्याने येतो. लायपॉक्सिजनेज नावाचं विकर दाणा फुटताच कामाला लागतं. भिजवलेले दाणे उकळत्या पाण्यात घालून गरमच वाटले तर ते आधीच निकामी होतं. वर दूध नीट उकळावं लागतंच, नाहीतर प्रथिनांचं पचन अडवणारा ट्रिप्सिन इनहिबिटर शाबूत राहतो.

बटाट्याचे वेफर्स तपकिरी झाले तर तेलाला दोष देण्याआधी बटाटा कुठे ठेवला होता ते विचारा. कोल्ड स्टोरेजमध्ये ४ अंशांच्या खाली ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, आणि ती तळताना करपते. १५-२० अंशांवर दोन-तीन आठवडे काढले की बरीचशी साखर कमी होते. नसेल वेळ, तर तो गाडीभर बटाटा भाजीसाठी विकलेला परवडतो.

सातवी पायरी : स्वच्छतेचे कागद

अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, परवान्याचे नियम २०११ चे. त्या नियमांमधलं शेड्यूल ४ वाचून काढा, तेच तुमचं रोजचं काम आहे. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी लागते. एफएसएसएआयचं फॉस्टॅक प्रशिक्षण छोटं असतं, आणि दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर ठेवावा लागत असल्यामुळे ते प्रमाणपत्र हातात असलेल्या मुलाला कारखानदार नाही म्हणत नाही. छप्पन दुकानसारख्या खाऊगल्लीतही आता अशा माणसांची गरज पडते.

सफाईचा क्रम उलटू नका. आधी खरवडणं, मग साबण, मग पाणी, आणि शेवटी क्लोरिन. बेसनाचा थर असलेल्या टेबलावर क्लोरिन मारलं तर ते बेसनातच खर्ची पडतं. आणि आम्लाच्या क्लीनरमध्ये हायपोक्लोराइट कधीही मिसळायचं नाही, विषारी क्लोरिन वायू निघतो.

जंतू मोजणीत थोडक्यात : २५ ग्रॅम नमुना २२५ मिलिलिटर द्रावणात, पुढे दहा-दहा पटीने पातळ करत जायचं. अगार (जंतू वाढवायचं जेलीसारखं खाद्य) ४५ अंशांवर आल्यावर ओतायचा, त्याहून गरम असेल तर मोजायचे जंतूच मरतात आणि निकाल खोटा चांगला येतो. हजारपट पातळ केलेल्याच्या १ मिलिलिटरमधून ८४ वसाहती आल्या तर ग्रॅममागे ८४,०००. तीसपेक्षा कमी किंवा तीनशेपेक्षा जास्त वसाहतींची प्लेट धरू नका.

आठवी पायरी : अप्रेंटिसशिप

तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना १९६१ च्या कायद्याखाली ठरावीक टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, तेव्हा मागणं मागताय असं समजून संकोचू नका. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवा आणि अर्जासोबत प्रॅक्टिकलच्या वहीतली तीन पानं जोडा : एक गणित, एक चाचणी, एक फसलेला घाणा आणि त्याचं कारण. हे तिसरं पान सगळ्यांत जास्त वाचलं जातं.

रुजू होताना करार पोर्टलवर नोंदला गेला का ते बघा आणि त्याचा क्रमांक मागून घ्या. क्रमांक नसेल तर तुम्ही कागदोपत्री तिथे नाहीच, वर्षाच्या शेवटी परीक्षेलाही बसता येत नाही. सोबत स्वतःची पाठकोरी वही, कायमस्वरूपी शाईचा मार्कर आणि बंद बूट न्या. घड्याळ, अंगठी, बांगड्या, दोरे घरी ठेवा. पहिल्या आठवड्यात कोणी सांगेल की रात्रीच्या आठ वाचनांचे रकाने आत्ताच भरून टाक. त्याला म्हणावं, ‘दादा, वेळ आणि वाचन सोबतच लिहितो, म्हणजे उद्या विचारलं तर तुम्हालाही त्रास नको.’ पेन्सिलीने लिहू नका, पांढरी शाई वापरू नका. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही आणि वेळ.